मोकळ्या कोंबड्यांसाठी आडोसा: कुठे, काय आणि कसं लावायचं

मुरबाड, शहापूर, बदलापूरच्या बाजूला पाच-दहा गुंठे घेतले, कंपाउंड घातलं, खुराडं बांधलं, वीस-पंचवीस तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आणल्या आणि एका सकाळी दार उघडून दिलं. त्यानंतरची तक्रार ठरलेली असते: "एवढं रान मोकळं दिलंय, पण ह्या दारातून हलायलाच मागत नाहीत." दारासमोरचा दहा-बारा फुटांचा पट्टा उकरून उकरून उघडा पडतो, पावसात तिथे घोटाभर चिखल होतो, आणि पलीकडचं गवत, नाकतोडे, वाळवी सगळं तसंच राहतं. खाद्याचा खर्च मात्र बंदिस्त कोंबड्यांएवढाच.

कोंबडीला डोक्यावर काही नसलेल्या जागेची भीती वाटते आणि ती रास्त आहे. पाळीव कोंबडीचा पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. झुडपांच्या आणि बांबूच्या बेटांच्या आधाराने राहणारा हा पक्षी. आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडाही याच स्वभावाचा. पहाटे वाटेच्या कडेला क्षणभर दिसतो आणि चाहूल लागली की कारवीत शिरतो. हजारो वर्षं माणसाजवळ राहूनही आपल्या कोंबडीची ही सवय गेलेली नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या मॅरियन डॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोकळ्या सोडलेल्या ब्रॉयलर पक्ष्यांचा अभ्यास करून २००३ मध्ये हेच मांडलं. जिथे झाडं होती, तिथे पक्षी जास्त बाहेर पडत होते. ब्रॉयलरसारखा जड, सुस्त पक्षीसुद्धा झाड बघून बाहेर येतो, मग आपली गावठी तर काय.

तेव्हा जागा वाढवण्याआधी आडोसा वाढवा. त्याची सुरुवात खुराड्याच्या दारापासून करा आणि कोंबडीच्या उंचीवरून बघत करा. बहुतेक नवखी माणसं आधी कंपाउंडच्या कडेने झाडं लावतात. त्याने शेजाऱ्याला तुमचं घर दिसेनासं होतं. कोंबडीला त्या झाडापर्यंत पोचायला मधलं पन्नास फुटांचं उघडं मैदान ओलांडावं लागतं, आणि ते ती ओलांडत नाही.

आधी एक दिवस नुसतं बघा

एप्रिल-मे महिन्यात, काही खणायच्या आधी, एक दिवस जागेवर काढा. दुपारी एक ते चार या वेळेत सावली कुठे पडते ते बघा. आपल्याकडे उन्हाचा खरा त्रास पश्चिमेकडून येतो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते. पारा तिशीच्या वर गेला की हे सुरू होतं, आणि मुरबाड-बदलापूरला मार्च ते मे तो चाळिशीच्या आसपास असतो. म्हणून सगळ्यात दाट पट्टा पश्चिमेला हवा. पावसाळ्यातला वाराही नैऋत्येकडून येतो, त्यामुळे तोच पट्टा पुढे झडीलाही अडवतो. एका लावणीत दोन कामं.

मग पाण्याचा उतार बघा. जमीन वरकस, मुरमाड असेल तर पाणी निघून जातं आणि चर खणून लावता येतं. जुनं भाताचं खाचर विकत घेतलं असेल तर पाणी साचणार हे धरून चाला. तिथे चर खणला की तो तलाव होतो, त्यामुळे फूटभर उंच बांध घालून बांधाच्या माथ्यावर लावायचं.

पक्षी किती ठेवायचे हेही आताच ठरवा. युरोपात मोकळ्या अंडी-कोंबड्यांसाठी बाहेरची जागा प्रत्येकीला किमान ४ चौरस मीटर धरतात, म्हणजे सुमारे ४३ चौरस फूट. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे गुंठ्याला साधारण २५ पक्षी. आपल्या पावसात, जिथे चार महिने जमीन ओलीच असते, मी याच्या निम्मेच ठेवीन. पक्षी जास्त झाले तर कुठलंही झुडूप टिकत नाही, तुम्ही कितीही महागडी रोपं आणा.

पक्षी अजून घ्यायचे असतील तर रंगीत, ठिपक्यांचे घ्या. गावठी, वनराज वगैरे झुडपात मिसळून जातात. पांढरी शुभ्र कोंबडी घारीला लांबूनच दिसते.

आखणी: दारापासून बेटं सोडत जा

चुन्याची पिशवी घ्या आणि खुराड्याच्या दारात उकिडवे बसा. खरंच बसा. उभ्या माणसाला जे झुडूप दाट दिसतं ते फूट-दीड फुटावरून बघितलं तर खाली बोडकं असतं, आणि जे आपल्याला ठेंगणं वाटतं त्याच्याखाली कोंबडीला पुरेसं छप्पर असतं.

खुराड्याच्या भिंतीपासून चार-पाच फूट जागा चहूबाजूंनी मोकळीच ठेवा. भिंतीला टेकून झुडूप लावलं की उंदीर, साप आणि मुंगूस यांना आयती वाट मिळते. त्या मोकळ्या पट्ट्याच्या पलीकडे लगेच पहिलं बेट, म्हणजे झुडपांचा एक पुंजका, आखा: पाच-सहा फूट लांब, तीन-चार फूट रुंद. पुढचं बेट त्यापासून दहा-पंधरा फुटांवर. त्याच्या पुढचं तेवढ्याच अंतरावर, पण सरळ रेषेत नको, थोडं डावीकडे-उजवीकडे. असं करत जागेच्या टोकापर्यंत जायचं. कोंबडी कुठेही चरत असली तरी तिला सात-आठ फुटांत आडोसा मिळाला पाहिजे, हा माझा हिशोब.

हा आकडा कुठून आला ते कोंबडा बघितला की कळतं. चरता चरता तो मधेच थांबतो, मान तिरकी करतो आणि एक डोळा आकाशाकडे लावतो. घार किंवा शिक्रा दिसला की लांबट, बारीक, शीळ घातल्यासारखा आवाज काढतो. तो ऐकला की कोंबड्या एक तर जागच्या जागी दबतात, नाहीतर जवळच्या झुडपात घुसतात. जमिनीवरून कुत्रा किंवा मुंगूस आलं तर त्याचा आवाज वेगळा, तुटक आणि सतत चाललेला "कॉक्-कॉक्-कॉक्", आणि तेव्हा सगळ्या माना वर काढून उभ्या राहतात. आकाशातल्या धोक्यापासून लपायला वेळ फार थोडा मिळतो, तेवढ्यात पोचता येईल इतकंच अंतर हवं. पिल्लांवर घार, शिक्रा आणि कावळे तिघांचाही डोळा असतो. जंगलाच्या कडेला, येऊर किंवा माळशेजच्या बाजूला, मोरघार मोठी कोंबडीही उचलू शकते.

काय लावायचं

इथे नर्सरीवाल्याचं ऐकायच्या आधी आजूबाजूच्या गावातलं कुंपण बघा. जे शेळ्या, गुरं आणि मे महिना यांच्यातून टिकून उभं आहे तेच तुमच्याकडेही टिकेल. आणि त्यातलं बरंचसं फुकट मिळतं, फांदी मागितली की कुणी नाही म्हणत नाही.

निर्गुडी आणि अडुळसा ही माझी पहिली पसंती. दोन्ही फांदीच्या तुकड्यातून लागतात, दोन्हींना जनावरं तोंड लावत नाहीत, कोंबड्याही पानं टोचत नाहीत. अडुळसा खालपासून पसरतो, त्याची पानं मोठी, सावली गार. निर्गुडी जरा उंच आणि विरळ, तिला छाटून छाटून भरगच्च करावं लागतं. एका बेटात मधे दोन निर्गुडी आणि भोवती पाच-सहा अडुळसे असं लावलं की दोन पावसाळ्यांत चांगलं छप्पर तयार होतं.

तुती लावाच. फांदी खोचली की लागते, पहिल्याच वर्षी माणसाच्या उंचीची होते, आणि फळं खाली पडायला लागली की कोंबड्या त्या झाडाखालून हलत नाहीत. हाताला येतील ती पानंही खातात, म्हणून तुती बेटाच्या मधोमध, बाजूने अडुळशाचा घेर. जास्वंदीचंही तेच: पानं-फुलं खातात, त्याने काही बिघडत नाही, पण झाड लहान असताना पार खराटा करतात.

करवंद हे या भागातलं अस्सल कुंपण. काटेरी, दाट, पाण्याशिवाय जगणारं, आणि मे महिन्यात खाली पडलेल्या करवंदांवर कोंबड्यांची मेजवानी. पण ते सावकाश वाढतं, दाट व्हायला तीन-चार वर्षं धरा. बी ताजंच पेरावं लागतं, ठेवून दिलेलं उगवत नाही. मे-जूनमध्ये पिकलेली फळं आणून पिशव्यांत पेरा आणि पुढच्या पावसाळ्यात जागेवर लावा. मोठ्या फळाची जात हवी असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' आहे. करवंद बेटांत नको, हद्दीवर लावा. तिथे त्याच्या काट्यांचा उपयोग आहे, आत अंडी शोधताना तुमच्याच हातांचे हाल होतील.

बांबू हवाच असेल तर माणगा घ्या. कोकणातला आहे, काटे नसतात, काठीही विकली जाते. त्याच्याखालच्या पाचोळ्यात किड्यांचं भांडार असतं आणि कोंबड्या तासन्‌तास तो उकरत बसतात. पण पाचोळ्यात सापही असतात, म्हणून बेट खुराड्यापासून पंधरा-वीस फूट लांब ठेवा.

खुराडं धुतल्याचं पाणी जिथे वाहत जातं तिथे केळी. याला काही डोकं लावावं लागत नाही. चिखल कमी होतो, वर्षभरात सावली येते, कापलेला खुंट कोंबड्या टोचत बसतात.

बेटांच्या मधल्या मोकळ्या जागेत गवती चहाचे गड्डे टाका. दोन-अडीच फुटांचा पसरट गड्डा एका कोंबडीला दबून बसायला पुरतो, आणि सकाळच्या चहाची सोय होते ती वेगळीच. उताराच्या जमिनीवर गवती चहाऐवजी वाळा लावा, तो माती धरून ठेवतो.

शेवग्याचा पाला खाद्याला उत्तम, पण झाड सरळ वर जातं आणि खाली काहीच आडोसा राहत नाही. लावायचा तर चार फुटांवर शेंडा मारा.

खाडीकाठच्या जमिनीवर, घणसोली, दिवाळे, कोलशेत या पट्ट्यात, मातीत मीठ असतं आणि वरची अर्धी यादी तग धरत नाही. तिथे वनजाई लावा, तिला कडू मेंदीही म्हणतात. खारवट मातीत आरामात वाढते आणि कात्रीने हवी तशी कापता येते. सोबत साधी मेंदी चालते.

काय टाळायचं तेही सांगतो. कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी: दोन्ही विषारी, रस्त्याच्या दुभाजकावर शोभतात तिथेच राहू द्या. एरंड, मोगली एरंड, धोतरा, गुंज: बिया विषारी. घाणेरी तर आपोआप येते, दाट असते, फुलं छान, त्यामुळे ठेवायचा मोह होतो. उपटून टाका, ती विषारी आहेच शिवाय बाकी कशाला वाढू देत नाही. कुंपणाला लावतात त्या शेराच्या झुडपाचा चीक डोळ्यात गेला तर माणसालाही दवाखाना गाठावा लागतो. गिरिपुष्पाला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात, त्याचं बी आणि साल उंदरांच्या विषासाठी वापरतात. हद्दीवर खुंट म्हणून चालेल, शेंगा धरण्याआधी छाटा. सुबाभूळ फुकट मिळालं तरी नको. त्याच्या पाल्यातला मायमोसिन हा विषारी घटक कोंबड्यांना जास्त झाला तर बाधतो आणि रोपं सगळीकडे उगवून बसतात.

लावणी

चर मे महिन्यात खणा. दीड फूट रुंद, दीड फूट खोल, आणि उन्हात तापू द्या. पावसाळ्याच्या तोंडावर त्यात माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून भरा. मुरमाड जमिनीत वाळवी कोवळ्या कांड्या खाऊन टाकते, तिच्यासाठी ही पेंड. कोंबडीखत ताजं घालू नका, ते उष्ण पडतं आणि मुळं जळतात. दोन-तीन महिने कुजवूनच वापरा.

लावायची वेळ दोन-तीन दणदणीत सरी पडून माती आतपर्यंत भिजल्यावर, म्हणजे साधारण जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. ऑगस्टच्या मध्यानंतर लावलेल्या झाडाला मुळं धरायला पाऊस उरत नाही, मग उन्हाळाभर तुम्हीच कळशी घेऊन.

फांदी निवडताना कोवळा हिरवा शेंडा नको आणि जून लाकूडही नको. पेन्सिल ते अंगठा एवढ्या जाडीची, नऊ ते बारा इंच लांब, तीन-चार डोळे असलेली. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा काप सरळ. तिरका काप म्हणजे खालची बाजू कोणती हे लक्षात राहतं. गंमत वाटेल, पण उलटी खोचलेली काडी हे नवख्यांच्या लावणीत हमखास दिसतं. दोन डोळे मातीत, बाकी वर, आणि पायाने माती घट्ट दाबा. काडी ओढून बघा, सहज निघाली तर दाब कमी पडला.

बेटात दोन झुडपांत दीड-दोन फूट ठेवा. पश्चिमेच्या दाट पट्ट्याला दोन ओळी, दीड फुटावर एक झाड, आणि दुसऱ्या ओळीतलं झाड पहिल्या ओळीतल्या दोन झाडांच्या फटीसमोर येईल असं. गुंठ्याची एक बाजू ३३ फूट धरली तर ४४ काड्या लागतील. सगळ्या लागत नाहीत, म्हणून साठ खोचा किंवा पंधरा-वीस पिशवीत वेगळ्या लावून ठेवा, गाळे भरायला.

विकतच्या रोपांसाठी सामाजिक वनीकरण आणि वन विभागाच्या रोपवाटिका आधी विचारून बघा. खासगी नर्सरीपेक्षा रोप बरंच स्वस्त पडतं, मात्र जूनमध्ये गर्दी असते, मेमध्येच चौकशी करा.

लावलेलं कोंबड्यांपासून वाचवणं

लावणी एका दिवसाची असते, राखण वर्षभराची, आणि बहुतेकांचं इथेच फसतं. नुकतीच हलवलेली भुसभुशीत माती म्हणजे कोंबडीला उकरायचं आमंत्रण. ती पान खात नाही तर मुळं उघडी पाडते. दहा कोंबड्या एका दुपारीत वीस काड्या आडव्या करतात.

सगळ्यात खात्रीचा उपाय: जागेचे दोन भाग करा आणि मधे जाळी टाका. या पावसाळ्यात अर्ध्या भागात लावणी, कोंबड्या दुसऱ्या अर्ध्यात. पुढच्या पावसाळ्यात उलट. पक्षी अजून आणलेच नसतील तर याहून बरं, जूनमध्ये झाडं आणि पुढच्या वर्षी पक्षी. पण एवढा धीर धरणारा माणूस मला अजून भेटायचाय.

जागा कमी असेल तर प्रत्येक रोपाला जाळीचं कडं. दीड फूट व्यासाच्या कड्याला साधारण पाच फूट कोंबडी जाळी लागते, उंची दोन फूट, तीन काठ्यांना तारेने बांधायची. बेटाला एकच मोठं कडं घातलं तर जाळी पुष्कळ वाचते. कड्याच्या आत बुंध्याभोवती तळहाताएवढे चपटे दगड मांडा, बुंध्याला न चिकटवता दोन बोटं जागा सोडून. दगडाखाली ओल राहते, तण येत नाही, आणि पुढे जाळी काढली तरी कोंबडीला तिथे पाय मारता येत नाही. पेंढ्याचं आच्छादन घातलंत तर संध्याकाळपर्यंत ते चारी दिशांना उडालेलं असेल.

कोंबड्यांना धुळीत लोळायलाही जागा लागते, त्याशिवाय अंगावरच्या उवा-गोचिडी जात नाहीत. ती दिली नाही तर पावसाळ्यात त्या झुडपाच्या बुंध्याशी, जिथे माती कोरडी राहते, तिथेच खड्डा करतात. खुराड्याच्या पडवीत तीन बाय तीनचा उथळ खड्डा करून त्यात चाळलेली माती, वाळू आणि चुलीची राख भरा. झाडं वाचतात आणि पक्षीही साफ राहतात.

पहिल्या उन्हाळ्यात, फेब्रुवारी ते मे, आठवड्यातून दोनदा पाणी. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी पुरतं, करवंद आणि निर्गुडीला तेही लागत नाही. डोंगराच्या कडेची जागा असेल तर दिवाळीनंतर हद्दीलगतचं गवत कापून पाच-सहा फुटांचा पट्टा साफ ठेवा, वणवा आला तर दोन वर्षांची मेहनत तासाभरात जाते.

झाडं वाढेपर्यंत काय

झुडपाखाली कोंबडी लपायला किमान दीड-दोन वर्षं जातात. तोवर तात्पुरता आडोसा उभा करावा लागतो, आणि इथे आपल्या गावातला मांडव कामी येतो. चार खांब, वर बांबूच्या कामट्या, उंची चार फूट, आणि त्यावर घोसाळी, दुधी, कारली किंवा वाल. जूनमध्ये बी टोकलं की ऑगस्टमध्ये खाली गर्द सावली. मांडव नेहमीसारखा डोक्याएवढा उंच केला तर भाजी तोडायला बरं, पण बाजूने आकाश दिसत राहतं आणि कोंबड्या त्याला आडोसा मानत नाहीत. वेल वर चढेपर्यंत बुंध्याला जाळी लावायला विसरू नका.

तूर हा दुसरा सोपा मार्ग. जूनमध्ये बेटांच्या जागेभोवती दाट पेरा, दसऱ्यापर्यंत पुरुषभर उंच होते, शेंगाही मिळतात. शेवरीही अशीच झपाट्याने येते. पाऊस संपल्यावर तूर काढली की नारळाच्या झावळ्या किंवा बांबूच्या तट्ट्या दोन विटांवर तिरक्या टेकवा. रुबाब काही नाही, पण काम होतं. हिरवी शेडनेट ताणायची तर तीन-चार फुटांवर ताणा आणि कडा सैल लोंबत्या ठेवू नका, पाय अडकतात.

छाटणी आणि झुडपातली अंडी

रोप दोन फुटांचं झालं की शेंडा मारा. जीवावर येतं, पण त्याशिवाय बाजूच्या फांद्या फुटत नाहीत आणि झुडूप खालून बोडकं राहतं. पुढे वर्षातून दोनदा छाटणी, एक पावसाळ्याच्या तोंडावर, एक ऑक्टोबरमध्ये. उंची चार-पाच फुटांवर धरा.

झुडूप भरलं की बेटाच्या आतल्या बाजूच्या जमिनीलगतच्या फांद्या फूटभर उंचीपर्यंत काढून टाका. वर छप्पर, खाली मोकळं, आणि दोन्ही बाजूंनी बाहेर पडायला वाट. जमिनीपर्यंत गच्च झालेल्या झुडपात कोंबडीला मुंगूस दिसत नाही आणि दिसलं तरी पळता येत नाही. हद्दीवरच्या करवंदाचं याच्या उलट, ते जमिनीपासून गच्चच हवं.

आडोसा झाला की अंडी झुडपात जाणार हे धरून चाला. बहुतेक कोंबड्या सकाळीच अंडी घालतात, म्हणून दहापर्यंत दार बंद ठेवा, आत अंधाऱ्या कोपऱ्यात पेंढ्याची खोकी ठेवा आणि प्रत्येकात एक लाकडी किंवा प्लास्टिकचं अंडं. एखादी कोंबडी रोज ठरल्या वेळी गायब होऊन ओरडत परत येत असेल तर तिच्या मागे जा, दहा-बारा अंडी सापडतील. झुडपात हात घालण्याआधी काठीने पाला हलवा. घोणस पाचोळ्यात अजिबात दिसत नाही. खुडूक कोंबडी तिथेच बसली असेल तर अंड्या-पिल्लांचा मोह सोडा आणि तिला रात्री उचलून डालग्याखाली आत आणा.

झुडपांनी होत नाही ते

रात्रीची राखण झाडं करत नाहीत. अंधार पडला की सगळे पक्षी आत, दाराला कडी, खिडक्यांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश. कोंबडी जाळी कोंबड्यांना अडवते, भटक्या कुत्र्याला नाही. येऊरच्या किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला बिबट्याही आहे, तिथे खुराडं पक्क्या भिंतीचंच हवं आणि मेलेली कोंबडी उघड्यावर टाकू नका.

झुडपं आणि फळझाडं आली की साळुंक्या, बुलबुल, कावळे, कबुतरंही येतात. त्यांना हाकलत बसायचं कारण नाही, पण दाणा आणि पाणी मात्र झुडपाखाली ठेवू नका. दोन्ही छपराखालीच, जिथे वरून विष्ठा पडणार नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला आणि आसपासचे हजारो पक्षी नष्ट करावे लागले. जास्त पक्षी अचानक दगावले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत गावठाणातच घर असेल, अंगण दोन-तीनशे फुटांचं असेल आणि चार-पाच कोंबड्या असतील, तर एवढा खटाटोप नको. आधी महापालिकेचा आणि शेजाऱ्यांचा अंदाज घ्या. मग अर्धा कापलेला निळा ड्रम, त्याला खाली चार भोकं, आत तुती, पश्चिमेच्या भिंतीलगत. शेजारी दुसऱ्या ड्रममध्ये अडुळसा. ड्रमच्या मातीवर दगड मांडायचे ते तेवढेच महत्त्वाचे, कारण कोंबडी वर चढून उकरतेच. दोन ड्रमांवर जुनी तट्टी आडवी टाकली की खाली दुपारपुरती सावली झाली. अंगणात फरशी असेल तर तट्टीखाली घमेलंभर माती ओता, बाकीचं त्या बघून घेतात.